उसवलेले टाके: शुक्रवार पेठेतल्या पाच जणींचं प्रकरण

कोल्हापुरात शुक्रवार पेठेत, पंचगंगा घाटाकडे उतरणाऱ्या एका गल्लीत पाच बायका हातकागदाच्या डायऱ्या बांधतात. आतली पानं हातकागदाची, वरचं कापड जुन्या सुती साड्यांचं. मागच्या वर्षी दसऱ्यानंतर त्यांना २०० डायऱ्यांची ऑर्डर मिळाली आणि ती पुरी होता होता गट मोडायची वेळ आली. मोडला नाही. अशा गटांबद्दल जे लिहिलं-बोललं जातं त्यात बहुतेक दोनच गोष्टी असतात: कमाई किती झाली आणि बायकांना एकमेकींचा आधार किती मिळाला. इथे तो आधारच दुखावून गेला होता. तो दुखावला कसा आणि पुन्हा कामाला आला कसा, एवढंच या प्रकरणात मांडायचं आहे.

मी पुस्तकबांधणी शिकवते. या गटालाही मीच शिकवली, आणि आजही नवा नमुना करायचा असला की त्या मला बोलावतात. त्यांची हिशेबाची वही मी पाहिली आहे, पाचही जणींशी वेगवेगळं बोलले आहे. नावं लिहीत नाही. गल्लीत ज्या नात्यानं हाका मारतात त्याच इथे वापरते. सत्तरीच्या आक्का, ज्यांच्या हातची वाकळ, म्हणजे गोधडी, पेठेत नावाजलेली आहे. वहिनी, ज्यांचं घरीच ब्लाऊज-शिलाईचं काम चालतं. गट त्यांच्याच सोप्यात, म्हणजे घराच्या पुढच्या भागात, बसतो. मावशी, बालवाडीत आयुष्य काढलेल्या, वही त्यांच्याकडे. धाकटी, पंचविशीची, फोनवरच्या ऑर्डरी, फोटो, कुरिअर हे तिचं. आणि ताई. हे लिहायला ताईंनी हरकत घेतली नाही, फक्त म्हणाल्या, “मी भांडलो ते लिवा. बाकीचं नको.”

गट कसा जमला

सुरुवातीला ही नुसती भिशी होती. महिन्याला पैसे गोळा करायचे, चिठ्ठी काढायची, चहा घ्यायचा आणि गल्लीत कुणाचं काय चाललंय ते बोलायचं. हादग्याला फेर धरायचा, खिरापत ओळखायची. मग २०१९चा ऑगस्ट आला. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोक्याची ४३ फूट. त्या वेळी पाणी ५५ फुटांच्या पुढे गेलं. खालच्या गल्लीतली घरं बुडाली. पाणी ओसरल्यावर ट्रंकांमधून निघाल्या त्या गाळानं माखलेल्या साड्या: इरकली, सुती लुगडी, कुणाच्या सासूची, कुणाच्या आईची. गच्चीगच्चीवर त्या धुऊन वाळत घातल्या होत्या आणि गाळाचा तपकिरी डाग काही जात नव्हता.

टाकून द्यायला जीव होईना. आक्कांनी वाकळा शिवायला काढल्या आणि बाकीच्या त्यांच्याभोवती बसल्या. पण वाकळीला गिऱ्हाईक पटकन मिळत नाही. एवढ्या हातकामाची किंमत मोजणारा माणूस विरळा. त्यानंतरच्या हिवाळ्यात मी त्यांना वह्या बांधायला शिकवलं. ज्यांच्या बोटांत वाकळीचा धावदोरा आयुष्यभर मुरलाय, त्यांना जुजबंदीची, म्हणजे दुमडलेल्या पानांचे गठ्ठे एकमेकांना जोडायची, शिलाई शिकवायला वेळ लागत नाही. ताईंना तर फारच कमी लागला. उघड्या पाठीवर साखळीसारखा जो टाका येतो तो त्यांच्याइतका सारखा मला स्वतःलाही काढता येत नाही. बाकीच्या चौघी शिकल्या त्या माझ्याकडून कमी आणि ताईंकडून जास्त.

डायरी कशी बनते

हे जरा सविस्तर सांगायला हवं. पुढचं भांडण कुठल्या कामावरून झालं आणि मिटलं कुठल्या कामानं, ते याशिवाय कळणार नाही.

कागद त्या पुण्याहून मागवतात. पुण्यात शिवाजीनगरला १९४० पासून हातकागद संस्था आहे आणि तिच्यामुळे हा कागद आपल्याकडे माहितीचा झाला. हा कागद लाकडाच्या लगद्याचा नसतो, सुती चिंध्यांचा असतो. बनियन-टीशर्टच्या कारखान्यातले कापडाचे तुकडे बारीक कापायचे, पाण्यात घोटून त्यांचा लगदा करायचा, जाळीच्या चौकटीवर एकेक ताव उचलायचा, दाबून पाणी काढायचं, वाळवायचा. कापसाचा तंतू लांब असतो, म्हणून कागद चिवट होतो. लाकडातलं जे द्रव्य कागदाला पिवळं पाडतं ते कापसात जवळपास नसतंच. म्हणजे या डायरीचं आतलंही कापड आणि बाहेरचंही कापडच. आतलं एकदा लगदा होऊन आलेलं, एवढाच फरक.

ताव २२ बाय ३० इंचांचा. त्याचे आठ तुकडे करायचे, प्रत्येक ११ बाय साडेसात. तुकडा मधोमध दुमडला की साडेपाच बाय साडेसातची दोन पानं. असे चार दुमडलेले तुकडे एकात एक घातले की एक जुज, आणि सहा जुजांची एक डायरी. एका डायरीला तीन ताव; २०० डायऱ्यांना ६००.

तुकडे कात्रीनं कापत नाहीत, फाडतात. कापलेली कड चाकूसारखी सरळ येते आणि हातकागदाचं सगळं रूप जातं. पट्टी ठेवायची, तिच्या कडेनं ओल्या कुंचल्यानं पाण्याची एक रेघ ओढायची आणि थांबायचं. पाणी तंतूंत मुरलं पाहिजे. घाई केली तर कागद भलतीकडेच फाटत जातो. फार वेळ ठेवलं तर रेघेचा ओघळ होतो. मुरलं की एक तळवा पट्टीवर दाबून धरायचा आणि दुसऱ्या हातानं कागद बाजूला ओढत न्यायचा. तंतू तुटत नाहीत, एकमेकांतून सुटत येतात, आणि कडेला बारीक पिसं उरतात. ही कड थोडी आतबाहेर झाली तरी चालते. तीच तिची शोभा.

शिलाईचं तसं नाही. प्रत्येक जुजाच्या घडीत टोच्यानं भोकं पाडायची, मेण लावलेला जाड सुती दोरा दाभणात ओवायचा आणि एकेक जुज आधीच्या जुजाला साखळीनं अडकवत न्यायचं. दोरा ताणून बसला पाहिजे. पण ताणायचा तो घडीच्या लांबीच्या दिशेनं, पाठीला समांतर. स्वतःच्या अंगाकडे ओढला की दोरा करवतीसारखा भोक चिरत जातो. गिरणीच्या कडक कागदावर हे खपून जातं. हातकागद मऊ, तो लगेच फाटतो. एक भोक चिरलं की ते पान गेलं, त्याच्या जोडीचं गेलं, आणि कधी कधी अख्खं जुज नव्यानं भरावं लागतं.

कापडाचं काम वहिनींकडे. साडी गरम पाण्यातून काढायची म्हणजे मागाहून आटायची नाही. निऱ्यांच्या जागी कापड विरलेलं असतं, ते सोडून काठाजवळचं घ्यायचं. मागून पातळ कागद चिकटवून घ्यायचा, नाहीतर खळ कापडातून वर फुटते आणि डाग पडतो. खळ मैद्याची, किड्यांसाठी चिमूटभर मोरचूद घातलेली. ते विषारी, म्हणून खळीचं पातेलं वेगळं आणि उंच फळीवर. पुठ्ठ्याला एकाच बाजूनं कापड लावलं तर वाळताना तो धनुष्यासारखा वाकतो, म्हणून आतूनही कागद लावायचा आणि रात्रभर वर विटा ठेवायच्या. इरकलीची किनार कव्हरच्या नेमक्या कुठल्या बाजूला यावी यावर वहिनी आणि धाकटीचे वाद तासभर चालतात. ऐकायला मला फार आवडतात.

या सगळ्याचे दर ठरलेले होते. एका डायरीला मजुरी १२० रुपये: फाडणं-दुमडणं २५, कव्हर ३५, शिलाई ४०, शेवटची जोडणी २०. जिनं जे केलं त्यापुढे तिच्या नावाची खूण.

ऑर्डर आणि ताई

ताईंचे यजमान श्रावणात गेले. काही आजार नव्हता. सकाळी दूध आणायला बाहेर पडले आणि घरी आले ते दोघांच्या खांद्यावर.

त्यानंतर ताईंच्या बाबतीत जे झालं ते आपल्याकडे सर्रास होतं. कुणी वाईट वागलं नाही. सगळे फार चांगलं वागले, आणि हळूहळू ताईंकडून एकेक काम काढून घेतलं गेलं. जाऊबाई म्हणाल्या, गौरीचं मी बघते, तुम्ही बसा. मुलगा म्हणाला, बँकेचं मी बघतो, तू कशाला त्रास घेतेस. शेजारच्या मुलीच्या लग्नात रुखवत ताईंच्या हातचा ठरला होता; तो दुसरीकडे दिला गेला आणि ताईंना कुणी सांगितलंही नाही. नवरात्रात ओटी भरायला बोलावणं आलं नाही. २०२२च्या मे महिन्यात आपल्याच जिल्ह्यातल्या, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला. त्याच महिन्यात बाकीच्या ग्रामपंचायतींनीही तसं करावं असं राज्य सरकारनं परिपत्रकानं सांगितलं. मला त्या गावाचा अभिमान वाटतो. पण बांगड्या फोडणं ठरावानं थांबवता येतं. “तुम्ही बसा” हे कुठल्या ठरावात धरायचं?

गटात मात्र ताई येत राहिल्या. बुधवार-शनिवार दुपारी दोन ते पाच, आपल्या जागेवर, दाभण हातात. ऑर्डर आली तेव्हा शिलाईचं मोठं काम त्यांच्याचकडे जाणार हे कुणी बोलूनही दाखवलं नाही, इतकं ते गृहीत होतं.

पण हात बिघडला होता. झोप नव्हती, खाण्यात लक्ष नव्हतं. ताई दोरा अंगाकडे ओढायला लागल्या. एका जुजात घट्ट, पुढच्यात सैल. डायरी उघडली की मधली पानं सुटी पडायची. वहिनींच्या ते पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं. त्यांनी आक्कांना दाखवलं. दोघी बोलल्या आणि त्यांचं ठरलं ते असं: ताईंना काही बोलायचं नाही. आत्ता तिला बोलणं म्हणजे पाप. रात्री आपण उसवू, फाटलेली पानं बदलू, परत शिवू. वहीत खूण ताईंच्याच नावाची राहील. मावशींना सांगितलं, धाकटीला सांगितलं. चौघीही तयार झाल्या.

मार्गशीर्ष निम्मा होईपर्यंत ११० डायऱ्या शिवून झाल्या होत्या. त्यांतल्या ४६ ताईंनी शिवलेल्या, आणि त्या ४६ मधल्या ३१ वहिनी आणि आक्का यांनी रात्री जागून परत शिवलेल्या. ऑर्डर संक्रांतीच्या आधी द्यायची होती.

मार्गशीर्षातला गुरुवार

मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी समोरच्या घरी हळदीकुंकू होतं. चौघी गेल्या. ताईंना बोलावणं नव्हतं. घरी बसवेना म्हणून त्या वहिनींच्या सोप्यात आल्या, थोडं काम उरकून ठेवावं म्हणून. वहिनींच्या सासूबाईंनी दार उघडलं. ताईंनी शिवून झालेल्या डायऱ्यांची थप्पी मोजायला घेतली.

एक उघडली. ताई शेवटची गाठ जुजाच्या आत, घडीच्या पोटात मारतात, दोन वेढ्यांची, म्हणजे पाठीवर काही दिसत नाही. वहिनी मशीनवाल्या, त्यांची गाठ पाठीवर येते. ताईंनी पाहिलं, गाठ पाठीवर होती. दुसरी उघडली. तिसरी उघडली. मग चिंध्यांची पिशवी उपडी केली. तिच्यात मेण लावलेल्या दोऱ्यांचे कापलेले तुकडे होते आणि भोकं चिरलेली पानं.

चौघी परत आल्या तेव्हा ताईंनी ती पानं ओळीनं मांडून ठेवली होती.

“हे कुणी उसवलं?”

वहिनी म्हणाल्या, “अगं, जरा सैल झालं हुतं, म्हणून मी...”

“एकतीस?”

कुणी बोललं नाही.

“मला सांगायला तोंड नव्हतं का तुमास्नी? नवरा मेलाय माझा. मी न्हाई.”

आवाज गल्लीत गेला. वहिनीही मग बोलल्या. रात्र रात्र डोळे फोडले ते कुणासाठी, असं म्हणाल्या, आणि ते खरंच होतं. ताई म्हणाल्या, माझ्यासाठी न्हाई, तुमच्या ऑर्डरीसाठी. तेही थोडं खरं होतं. धाकटी सांगते, भांडण वाढलं ते वहिनींनी “तुझी कीव आली म्हणून” असं म्हटल्यावर. ताईंनी दाभण ठेवलं आणि त्या घरी गेल्या.

या ठिकाणी वहिनींना आणि आक्कांना दोष देणं सोपं आहे. मी देत नाही. एखादीच्या घरावर आभाळ कोसळल्यावर तिच्यासाठी रात्री जागणाऱ्या मैत्रिणी सगळ्यांना मिळत नाहीत. पण ताईंच्या बाजूनं पाहिलं की वेगळंच दिसतं. गौरी, बँक, रुखवत, ओटी, सगळीकडे हेच झालं होतं: न सांगता, प्रेमानं, त्यांचं काम दुसऱ्याच्या हाती गेलं होतं. एक सोपा उरला होता जिथे त्या अजून कामाच्या होत्या. तिथेही तेच होत होतं, आणि वर रोज चहा पिताना चौघी हसून बोलत होत्या.

रिकामा डबा

ताई यायच्या बंद झाल्या. चौघींनी धाकटीच्या हाती डबा पाठवला, भरली वांगी आणि भाकरी. दुसऱ्या दिवशी डबा परत आला, स्वच्छ घासलेला आणि रिकामा.

आपल्याकडे कुणी डबा रिकामा परत करत नाही. काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालतात. मावशी म्हणाल्या, तिच्या डोक्यात नसेल, दुःखात आहे. आक्का म्हणाल्या, “डोक्यात हाय म्हणूनच रिकामा हाय. मी जातो.”

आक्का गेल्या त्या खाऊ घेऊन नाही, समजूत घालायलाही नाही. चिरलेल्या पानांपैकी एक घडी आणि दाभण-दोरा घेऊन गेल्या. बसल्या, पाणी प्यायल्या आणि घडी ताईंच्या पुढ्यात ठेवली. पुढचं बोलणं दोघींनी मला वेगवेगळं सांगितलं आणि ते जवळपास सारखं आहे.

“ही तुझी घडी. भोक बघ. दोरा अंगाकडं ओढतीस तू आता.”

ताईंनी घडी उजेडाकडे धरली. बराच वेळ पाहिली. “व्हय.”

“आधी असं कधी केलं न्हाईस.”

“आक्का, मग सांगितलं का न्हाई तुम्ही?”

“भ्यालो. तुझ्याकडं बघून भ्यालो. चोरून उसवलं ते चुकलंच. तुझं काम हुतं, तुझ्यासमोर उसवायला पायजे हुतं.”

मग आक्कांनी कामाचं सांगितलं. शिवायचं आत्ता नको. पण ६०० मधले अडीचशेच्या वर ताव अजून फाडायचे पडले होते. धाकटीला फोन आणि फोटो यातून वेळ नव्हता. तिची रेघ ओघळत होती, कड तिरपी जात होती आणि दुमडल्यावर पानं पुढेमागे होत होती. फाडायला माणूस नव्हता. हे ताईंना बरं वाटावं म्हणून बनवून सांगितलेलं नव्हतं. त्याच आठवड्यात फाडलेली पानं संपून शिलाई दोनदा थांबली होती. मावशींच्या वहीत तशी नोंद आहे.

“फाडशील का?” आक्कांनी विचारलं.

ताईंनी लगेच हो म्हटलं नाही. म्हणाल्या, “वही बघायची मला आधी.”

हिशेबाची वही

ताई बुधवारी आल्या आणि बसायच्या आधी वही मागितली. ३१ डायऱ्यांपुढे त्यांच्या नावाची खूण होती. ३१ गुणिले ४०, म्हणजे १,२४० रुपये.

“हे खोडा.”

वहिनी म्हणाल्या, खोडायचं नाही. मावशी म्हणाल्या, खोडलं तर मला झोप यायची नाही. पैसा लहान नव्हता. ताईंच्या घरी त्या दिवसांत तो तर मुळीच लहान नव्हता. मुलाचा पगार तुटपुंजा, यजमानांच्या कामाच्या ठिकाणचे पैसे अजून अडकलेले. तरीही ताई हटेनात. जे मी शिवलंच नाही त्याचे पैसे माझ्या नावावर राहिले तर उद्या दुसऱ्या कुणाच्या डायरीवर मी बोट कसं ठेवू, हे त्यांचं म्हणणं. आणि रात्रपाळ्या करणाऱ्या दोघींच्या नावापुढे काहीच नाही, हा कुठला हिशेब?

यावर मी इतर ठिकाणी बोलले तेव्हा पुष्कळ जणी म्हणाल्या की मैत्रिणींमध्ये एवढं काटेकोर कशाला, सोडून द्यायचं. मला ते पटत नाही. ताईंची खूण चुकीच्या जागी राहिली असती तर गटात त्या कायमच्या देणेकरी झाल्या असत्या, आणि असं देणं फेडताही येत नाही, कारण ते कुठे मोजलेलंच नसतं. वही खरी झाली तर त्यांना पुन्हा चौघींच्या शेजारी बरोबरीनं बसता येणार होतं. माणसाला धीर देण्यासाठी एखाद्या वेळी खोटं चालत असेल. हिशेबात ते चालत नाही.

तोडगा धाकटीनं काढला. तिनं विचारलं, शिलाईचे ४० रुपये नक्की कशाकशाचे? जुजं भरणं, भोकं पाडणं, मग शिवणं. भरणं आणि भोकं ताईंनीच केली होती आणि ती नीट होती. बिघडलं होतं ते ओढण्यात. मग ४० चे दोन भाग झाले: भरणं-टोचणं १५, शिवणं २५. ३१ डायऱ्यांचे ४६५ रुपये ताईंचे राहिले, ७७५ वहिनी आणि आक्का यांच्यात निम्मे निम्मे. वाया गेलेल्या कागदाचा खर्च सामाईक खात्यातून. मावशींनी जुन्या खुणांवर एक रेघ मारून शेजारी नव्या लिहिल्या आणि पाचही जणींनी सही केली. त्याच पानावर खाली मावशींच्या गोलसर अक्षरात एक ओळ आहे: “उसवायचं तर जिनं शिवलं तिच्यासमोर.”

मग ताई फाडायला बसल्या. मी त्या दिवशी तिथे होते. पट्टी, कुंचला, पाण्याची वाटी. रेघ ओढायची, मुरेपर्यंत थांबायचं, मग ओढायचं. या कामात थांबणं हाच निम्मा भाग आहे आणि ताईंना त्या दिवसांत घाई कशाचीच नव्हती. हात थोडा कापला तर कड जरा जास्त पिसारली, एवढंच. पान वाया जात नव्हतं. शिलाईत जी चूक कागद फाडते ती इथे कडेत जिरून जाते. दुःखात असलेल्या माणसाला हातकाम द्यावं असं सगळेच म्हणतात. पण कुठलंही हातकाम नाही चालत. बिघडलेला हात ज्यात बसू शकेल असं, आणि ज्याच्यावाचून बाकीच्यांचं खरोखर अडेल असं काम लागतं. आक्कांनी ते नेमकं ओळखलं, आणि मला वाटतं आयुष्यभर वाकळा शिवल्यामुळे ओळखलं. वाकळीत नवख्या हाताला मधले थर अंथरायला देतात. कडेचा टाका मागाहून.

ऑर्डर वेळेवर गेली. शेवटच्या आठवड्यात पाचही जणी रात्री बसल्या. या वेळी सगळ्यांना माहीत होतं की कोण काय परत करतंय.

संक्रांतीला वहिनींनी आपल्या घरी बायकांना बोलावलं आणि ताईंना सर्वांत आधी. उरलेल्या कागदाच्या आणि काठाच्या तुकड्यांच्या छोट्या वह्या वाण म्हणून केल्या होत्या. वहिनींच्या सासूबाईंना ते रुचलं नाही; एक शेजारीण ताईंना पाहून चहा न घेता गेली. ताईंनी वाण घेतलं, तिळगूळ घेतला, कुंकू लावून घेतलं नाही. तो त्यांचा निर्णय. वहिनींनी आग्रह केला नाही, आणि मला तेच बरोबर वाटतं.

सुटलेलं आणि न सुटलेलं

ताई आता पुन्हा शिवतात. कुणी सांगितलं म्हणून नाही. उन्हाळ्यात एका शनिवारी वहिनींच्या हातातली घडी घेऊन म्हणाल्या, “दे इकडं एक.” शिवून झाल्यावर स्वतःच उघडून सगळ्यांना दाखवली. दोन टाके सैल होते. आक्कांनी तिथेच सांगितलं, ताईंनी तिथेच उसवलं. पूर्वीचा साखळी टाका अजून पुरता आलेला नाही. फाडण्याचं काम मात्र त्यांनी सोडलेलं नाही; त्यांच्या हातची कड मागणारी दोन गिऱ्हाइकं झाली आहेत.

वहिनी आणि ताई यांच्यातल्या “कीव” या शब्दाचं काय झालं, हे मी दोघींना विचारलं. वहिनी म्हणाल्या, मी माफी मागितली. ताई म्हणाल्या, मागितली न्हाई, पण नंतर डबा घेऊन स्वतः आली. त्या डब्यातून ताईंनी परत पाठवताना शेंगदाण्याची चटणी दिली, यावर दोघींचं एकमत आहे.

दरांचे तुकडे केल्याचा ताप वहीला झाला आहे. पूर्वी एका डायरीपुढे चार खुणा असत, आता पाच, आणि परत केलेल्या कामाच्या वेगळ्या. मावशींना संध्याकाळी अर्धा तास जास्त लागतो आणि त्या अर्ध्या तासाचं काय, हा प्रश्न त्यांनी स्वतःच काढला आहे. वहिनींचं मत असं की परत करण्याचे पैसे वेगळे धरले तर पहिल्यांदाच नीट करण्याकडे दुर्लक्ष होईल. मला ती भीती रास्त वाटते, पण आजवरच्या नोंदींत तसं झालेलं दिसत नाही.

ताईंनी गेल्या महिन्यात फाडण्याचा दर वाढवून मागितला. त्यांचं म्हणणं, आपली डायरी खपते ती त्या कडेमुळे आणि तिला सर्वांत कमी पैसे का? वहिनींशी पुन्हा भांडण झालं, या वेळी उघड्या सोप्यात, चहा पितापिता. दिवाळीच्या ऑर्डरीपासून २५ चे ३० ठरले. धाकटीच्या फोन आणि कुरिअरच्या कामाला दर लावायचा की महिन्याला ठरावीक रक्कम द्यायची, यावर अजून एकमत नाही. पुढच्या बुधवारी तेवढ्यासाठीच बसायचं ठरलंय.